एका ओळीपुरतं गप्प

माझ्या नवऱ्यानं मरायचं ठरवलं होतं, आणि तेही गुपचूप, कुणाला त्रास न देता. स्वभावच तसला मेला. लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. कामावरचा जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यातून वर आला असं समजून यानं हाक न मारता स्विच लावला. जोडीदार वर आलाच नव्हता.

त्याला पुरून आल्यापासून यानं जेवण सोडलं, मग पाणीही. इस्पितळात सलाइन लावलं तर सुई उपटून घरी आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मूत्रपिंडं निकामी व्हायला लागलीत, आता फार वेळ नाही. मी रडले, ओरडले, ताट आपटलं, पोरीची शपथ घातली. हा आपला भिंतीकडे तोंड करून पडलेला. शेवटी मी हात टेकले आणि चर्चच्या पाळकांना निरोप धाडला.

मंडळीला घेऊन प्रार्थनेला येतो, म्हणाले. मी स्पष्टच सांगितलं, या, पण देवाशी माझं बोलणं बंद आहे. ते म्हणाले, चालेल, तुमच्या वाटचं आम्ही बोलू. असा राग आला मला! माझा माणूस डोळ्यांदेखत चाललाय आणि यांना गोड बोलायचं सुचतंय.

संध्याकाळी सगळे आले. आमची खोली ती केवढी. कुणी पलंगाच्या कडेला टेकलं, कुणी माझ्या शिलाई मशीनला पाठ लावून उभं राहिलं. आणि सगळ्यांच्या मागून जोडीदाराची आई आत आली. हिच्या हातचं हा कितीदा जेवला होता. पाळकांना मोरीपाशी ओढून मी विचारलं, हिला कशाला आणलंत, जखमेवर मीठ चोळायला? ते म्हणाले, आम्ही नाही आणलं, त्या आपणहून आल्या.

तिला बघून नवऱ्यानं चादर तोंडावर ओढली. आतून हुंदके ऐकू येत होते. पाळकांनी चादरीवरूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. इतक्या वर्षांच्या सवयीनं माझेही ओठ हलायला लागले. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हांला कर', ही क्षमेची ओळ आली आणि म्हातारीनं तोंड मिटलं. बाकीच्यांना ते ठाऊक असावं, कारण त्यांनी आवाज चढवला. जिन्यातून कपाट नेताना एकाचा हात सुटला की बाकीचे भार उचलतात ना, तसं. पुढच्या ओळीला ती परत त्यांच्यात मिसळली.

आमेन झाल्यावर ती पलंगावर बसली आणि तिनं त्याच्या तोंडावरची चादर काढली.

"त्या ओळीला मी गप्प बसते," ती म्हणाली. "पोरगं गेल्यापासून. जमतच नाही मला, तर देवापुढं खोटं कशाला बोलू? हे सगळे माझ्या वाटचं म्हणतात. तेवढ्यावर मी पुढची ओळ गाठते."

माझ्या नवऱ्याचे ओठ फुटले होते. कितीतरी दिवसांनी तो बोलला, "मावशी, मला जाऊ द्या."

"तू गेलास तर मी माफ कुणाला करू? तुझ्या थडग्याला? मला वेळ लागणार आहे. कदाचित वर्षं लागतील. तोवर तुला जगावं लागेल."

माझ्याकडे न बघताच तिनं पाण्यासाठी हात पुढे केला. मी घाईघाईनं पेला भरून आणला, अर्धा अंगावरच सांडला. तिनं त्याच्या मानेखाली हात घालून डोकं उचललं, पेला ओठांना लावला. त्यानं तोंड उघडलं नाही. देवाशी अबोला धरलेली मी, मनातल्या मनात त्याच देवाच्या नावानं बोंबलत होते.

"पी," म्हातारी म्हणाली. "मी अजून माफ केलेलं नाही."

आणि तो प्यायला.