चौदा नंबरचा हात

"चौदा!"

शिट्टीपाठोपाठ टाइम ऑफिसच्या खिडकीतून प्रेमदास मास्तरांचा आवाज आला, आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत देवकाचा हात वर गेला. मागे उभ्या असलेल्या रुख्माबाईने तोंड वाकडे केले. "कसा जाते वं तुह्या हात? स्प्रिंग बसवली काय?"

देवका हसली आणि मिलच्या फाटकातून आत शिरली. आजचा दिवस भरला.

हिंगणघाटच्या त्या सूतगिरणीत रोज सकाळी सातच्या भोंग्यानंतर हा खेळ चाले. कायम कामगारांपैकी जो गैरहजर, त्याच्या मशीनवर त्या दिवसापुरता उभा राहतो तो बदली. बदल्यांनी फाटकाशी उभे राहायचे, शिट्टी झाली की कान टवकारायचे, आपला नंबर ऐकला की हात वर करायचा. हात रेंगाळला की मास्तर पुढचा नंबर पुकारत, दुसऱ्यांदा हाक नाही. देवकाचा खरा नंबर एकशे चौदा, पण रोज शंभर कोण म्हणत बसणार? आठ वर्षे ती चौदाच होती.

मिलच्या बास्केटबॉल संघातही तिचा नंबर चौदाच. हे मास्तरांचेच काम. सकाळी खिडकीतून नंबर पुकारणारे मास्तर दुपारी चारला तीच शिट्टी गळ्यात घालून मिलच्या मागच्या सिमेंटच्या मैदानावर मुलींना पळवत. चौऱ्याहत्तर साली मालकांच्या मनात आले, नागपूरकडच्या कंपन्यांचे महिला संघ आहेत तर आपला का नको? नगरपालिकेच्या शाळेतल्या उंच मुली हेरून आणल्या गेल्या. खेळायचे मिलसाठी आणि नोकरीही मिलचीच, पण बदलीची. वर एक गाजर बांधून दिले होते: मोसमाच्या शेवटी वर्ध्याचा कप आणला की संघातली एक मुलगी कायम, जिची नोकरी जुनी तिचा नंबर आधी. आठ वर्षांत चार कप आले, चौघी कायम झाल्या. आता नंबर देवकाचा होता.

खेळाडू म्हणून ती कशी होती, हे उगाच फुगवून सांगण्यात अर्थ नाही. उंची होती, दम होता, पण चेंडू तिच्या हातात आला की बावचळे. पाच जणी खेळत तेव्हा ती बाकाच्या टोकाला बसे, सगळ्यांची चपला-पाकिटे सांभाळे, पाण्याची कळशी भरून ठेवे. कोणाला दम लागला तर तीन-चार मिनिटे आत, की पुन्हा बाकावर. मिलमध्ये बदली आणि मैदानातही बदली. मोहल्ल्यातल्या बाया तर म्हणत, "सत्तावीस वर्षांची घोडी, चड्डी घालून पळते, अन् तेबी दुसऱ्याच्या जागेवर!"

तिला त्याचे फार वाटत नसे. वाटे ते एकाच गोष्टीचे.

तिचा बाप चिंधू अठरा वर्षे त्याच फाटकावर बदली म्हणून उभा राहिला. मिलची एक रीत होती. कायम कामगार वारला की त्याची मशीन तासभर बंद ठेवत. तिच्यावर फुलांचा हार घालत, आजूबाजूचे कामगार डोक्यावरची टोपी काढून उभे राहत. चिंधू मेला त्या दिवशी देवका आईबरोबर मिलमध्ये गेली होती. आई शकुबाईने भाबडेपणाने विचारले, "कोणती मशीन बंद केली जी?" खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला, "बाई, बदलीले मशीन राह्यते कुठं?" अठरा वर्षांत माणूस मिलमधल्या प्रत्येक मशीनवर उभा राहिला होता, पण त्याच्यासाठी थांबावी अशी एकही नव्हती. शकुबाई ते विसरली नाही. एक वेळ जेवण विसरे, पण रोज देवाला दिवा लावताना म्हणे, "माह्या पोरीले कायम कर रे बाप्पा. मंग मले घेऊन जाय."

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर मोसम सुरू झाला तेव्हा वेल्फेअर ऑफिसर ओमप्रकाशजी मैदानावर आले. देवकाला पुढे बोलावून म्हणाले, "इस साल कप लाओ, देवकाबाई. आपका नंबर पक्का." मास्तरांच्या कानात मात्र वेगळे बोलले. मास्तरांनी ते चार दिवसांनी चाचरत सांगितले. मिलची दोन खाती बंद होणार. कायमची जागा आता एकच उरली आहे आणि संघाचा हा मोसम शेवटचा.

"म्हंजे यंदा नाई तर कधीच नाई?" देवकाने विचारले.

"कधीच नाई," मास्तर म्हणाले.

झाले. देवका पिसाटली. दिवसभर सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात उभे राहून पायांच्या पोटऱ्या दगड झालेल्या असत, तरी चारला सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. संघात खरी जान होती ती कमलमध्ये. दोन वर्षांपूर्वी आंजीहून आलेली एकोणीस वर्षांची पोर, नंबर चार. तीही बदलीच, पण खेळ असा की यवतमाळला लोकांनी तिला उचलून घेतले. अमरावतीला ताप अंगात घेऊन खेळली. देवका तिचे पाय चेपून देई, तिच्यासाठी घरून ज्वारीची भाकर आणि झुणका आणी. यात प्रेम होते, आणि खोटे कशाला बोला, स्वार्थही होता. कमल जिंकवणार, तेव्हा देवका कायम होणार. यवतमाळ, अमरावती, नागपूर करत फेब्रुवारीत संघ वर्ध्याच्या अंतिम सामन्यात पोचला.

समोर नागपूरचा संघ, दुपारचे ऊन, मैदानाभोवती माणसांची भिंत. शेवटची दोन मिनिटे राहिली तेव्हा दोन्हीकडे एकेचाळीस. तेवढ्यात आपल्या संघातल्या कौशल्याचा पाय मुरगळला. मास्तरांनी बाकाकडे पाहिले. बाकावर देवकाशिवाय होते कोण?

"जाय देवका. फक्त आडवी उभी राहजो, बाकी कमल पाहून घेईन."

मिनिटभरात नागपूरच्या मुलीने टोपलीखाली उडी घेतली. तिला अडवायला कमल आणि देवका दोघी उडाल्या. धक्का बसला, मुलगी पडली, शिट्टी वाजली. धक्का कमलचा होता. देवकाचा तिला स्पर्शही झाला नव्हता.

तेव्हा नियम असा होता, की फाउल ज्याचा त्याने आपण होऊन हात वर करायचा. कमलचे चार फाउल आधीच झालेले. पाचवा झाला की मैदानाबाहेर, आणि ती गेली की कप गेला. तिचा हात खांद्यापर्यंत उठला, मग वेणी सारखी करायला वळला. पंचाने दोघींकडे पाहिले. टेबलावर गुण लिहिणाऱ्याने मान उंचावून ओरडून विचारले, "कोण? चार का चौदा?"

शिट्टी आणि पाठोपाठ 'चौदा'.

देवकाचा हात वर गेला.

तो तिने मुद्दाम वर केला नव्हता. आठ वर्षे रोज सकाळी जसा जात होता तसा गेला. तिला कळले तेव्हा पंच टेबलाकडे वळून तिचा नंबर सांगत होते. कमल तिच्याकडे डोळे फाडून पाहत होती. बाकाजवळ मास्तर अर्धवट उठलेले, तसेच खाली बसले.

नागपूरच्या मुलीची एक फेक हुकली, एक लागली. एकेचाळीस-बेचाळीस. मग शेवटच्या काही क्षणांत कमलने अर्ध्या मैदानातून चेंडू पळवत नेला, दोघींच्या मधून शिरून टोपलीत टाकला आणि सामना संपला. एका गुणाने कप आपला.

परतीच्या एसटीत पोरींनी गाणी म्हणून घसे बसवले. कौशल्या मुरगळलेला पाय सीटवर पसरून म्हणाली, "देवकाबाईनं काय डोकं लावलं वं! आपल्या अंगावर घेतला फाउल. नाई तर कमल बाहेर, अन् आपून घरी." कमल शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, काऊन केला तुमी हात वर?"

"मले कुठं ठाऊक?" देवका म्हणाली. "नंबर आयकला. गेला."

कमलला ते पटले नाही. तिने देवकाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि हिंगणघाट येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी शकुबाईने साखर वाटली. हातातोंडाशी आलेला घास आता कोण हिसकणार?

सोमवारी मिलच्या फाटकाशी सत्कार झाला. ओमप्रकाशजींच्या हातात सामन्याचा गुणांचा कागद होता. कप वगैरेचे कौतुक झाले आणि ते घसा खाकरून म्हणाले, "जागा एकच आहे. मॅनेजर साहब का कहना है, जिसने मैच जिताया, जागा उसकी. कागद पे सब लिखा है. चार नंबर, कमल, बावीस गुण. चौदा नंबर..." ते थांबले. माणूस वाईट नव्हता, मुकाट पुढे जाता आले असते. पण कागद हातात असला की साहेब लोकांना तो वाचल्याशिवाय राहवत नाही. "चौदा नंबर, गुण शून्य. फाउल एक."

कोणीतरी हसले. देवकाने मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तिने कमलकडे पाहिले. कमल जमिनीकडे पाहत होती.

गर्दी पांगल्यावर मास्तर तिच्याजवळ आले. "सांगून देऊ काय साहेबाले? तू म्हणशीन तर आत्ता जातो. पण तो फाउल कमलचा होता असं निंघालं तर नागपूरवाले सोडतीन काय? कप वापस जाईन. कप गेला की कमलची जागाबी जाईन. अन् तुलेबी भेटन नाई."

"कोणालेच नाई?"

"कोणालेच नाई."

आपलेच दात, आपलेच ओठ. देवकाने फाटकाचा गज घट्ट धरला. तिला ओरडावेसे वाटत होते, की मी काही कोणासाठी त्याग केला नाही, मी काही मोठी नाही, माझा नुसता हात गेला, त्याची एवढी शिक्षा कशी? पण हे सांगायचे कोणाला?

"राहू द्या मास्तर," ती म्हणाली.

घरी गल्लीतून बातमी आधीच आली होती. त्या संध्याकाळी शकुबाईने देवाला दिवा लावला आणि काही न मागता उठली. देवकाला ते सगळ्यांत जास्त लागले. चुलीपुढे बसून ती रडली. धुराचे निमित्तही तिने केले नाही.

कमल पहिले काही दिवस तिच्या वाटेत येऊन उभी राही. "ताई, म्या त्या दिवशी हात वर कराले पायजे होता," एकदा ती म्हणाली. देवका म्हणाली, "केला असता तं आपून दोघीबी फाटकावरच असतो." ते खरे होते. हळूहळू कमल वाट बदलून जाऊ लागली.

मैदानावरचे खांब उपटले गेले आणि तिथे कापसाच्या गठाणी आल्या. उन्हाळ्यात कमलचे लग्न ठरले. नवऱ्याकडच्यांनी पोरगी मिलमध्ये कायम आहे हे पाहूनच होकार दिला होता.

लग्नासाठी कमलने पंधरा दिवसांची रजा घेतली, त्याच्या पहिल्याच सकाळची गोष्ट. भोंगा झाला. फाटकाशी नेहमीची गर्दी होती. खाती बंद झाल्यापासून बदल्या वाढल्या होत्या आणि हाका कमी झाल्या होत्या. देवकाला नऊ दिवसांत काम मिळाले नव्हते. मास्तरांनी खिडकीतून यादी पाहिली.

"रीलिंग. कमलची मशीन. पंधरा दिवस."

शिट्टी वाजली.

"चौदा!"

हात वर गेला नाही.

देवका स्वतःच चकित झाली. हात तिच्या बाजूला लोंबत होता, मेल्यासारखा. मागून रुख्माबाईने ढोसले, "अवो देवका! तुले बलावून राह्यले ना!" आजूबाजूच्या बाया पुढच्या नंबरासाठी अंग चोरून सज्ज झाल्या.

मास्तरांनी पुढचा नंबर पुकारला नाही. त्यांनी यादी खाली ठेवली, खिडकीबाहेर वाकले आणि आठ वर्षांत जे कधी केले नव्हते ते केले. दुसऱ्यांदा हाक दिली, अगदी हळू.

"चौदा."

देवकाने डोळ्यांसमोर चुलीजवळ बसलेली आई आणली. मग खांद्यापासून जोर लावून, भरलेली कळशी उचलावी तसा, तिने आपला हात उचलला, आणि मास्तरांनी नाव लिहून घेईपर्यंत तो वर धरून ठेवला.