खालच्या ओळीतल्या बंदुका

मिस्त्रींचं विजेशी काही वाकडं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की चाप हा बोटाचा विषय आहे आणि बोट आणि मोटर यांच्यामध्ये तिसऱ्या कुणी नाक खुपसू नये. हे ते गेले तीन आठवडे, ऐकायला कुणी असो वा नसो, दिवसातून चार वेळा सांगत होते.

खाली खेळाचा हॉल होता. पूर्वी तिथे कागदाचं गोदाम होतं. आता प्लायवूडच्या भिंती उभ्या करून त्यांच्या आडून लोक एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे मारत. बंदुका दिसायला खऱ्याखुऱ्या, आत मात्र बॅटरी, मोटर, तीन गिअर आणि एक स्प्रिंग. बंदूक आणि मुखवटा हॉलकडूनच भाड्याने मिळे. वर, जिना चढून गेलं की दुरुस्तीची खोली. तिथे भिंतीवर दोन ओळींत चोवीस बंदुका टांगलेल्या असत, एक ते बारा खाली आणि तेरा ते चोवीस वर. या चोवीस बंदुका मिस्त्रींनी एकोणीस वर्षं सांभाळल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे.

जुन्या बंदुकांत चाप ओढला की तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटत आणि मोटर फिरे. दर वेळी ठिणगी उडे, पट्ट्या काळ्या पडत आणि महिन्याला त्या घासाव्या लागत. मिस्त्रींच्या पुतणीने ही कटकटच काढून टाकली. पट्ट्यांच्या जागी तिने बोटाएवढा हिरवा बोर्ड बसवला. त्यावर प्रकाशाचे दोन बारीक डोळे होते. एक चापाकडे बघायचा, दुसरा गिअरकडे. चाप हलला की पहिल्याला कळायचं, गिअरचा एक फेरा झाला की दुसऱ्याला. घासायला काही नाही, जळायला काही नाही. पुतणीला या खोलीत मिस्त्रींनीच आणलं होतं, तारांना कथलाचा डाख द्यायलाही त्यांनीच शिकवलं होतं. तिने हॉलच्या मालकीणबाईंना परस्पर पटवून चोवीस बोर्ड मागवले, ते मात्र त्यांच्या डोक्यात गेलं होतं.

आणि मग बंदुका बिघडू लागल्या. कुणाचा चाप ओढला तरी ढिम्म. कुणाची एकदा सुरू झाली की थांबायचं नाव घेईना. बुधवारी तर सात नंबरला बॅटरी जोडताक्षणी ती टेबलावर आपली आपणच उडाली आणि छर्रा तिकीट देणाऱ्याच्या कानाच्या पाळीला लागला. पाळी लाल झाली, बाकी काही नाही. पण तो माणूस दोन दिवस कान धरून असा हिंडला, जणू लढाईवरून आलाय.

मालकीणबाई कमी बोलायच्या. त्या गुरुवारी संध्याकाळी वर आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मिस्त्री, उद्या बारापर्यंत मला सांगा. दोष या नव्या स्विचचा असेल तर सगळे काढून टाका, जुन्या पट्ट्या बसवा. मुलीला मी तिकिटाच्या खिडकीवर घेते. तुम्ही म्हणाल तसं."

पुतणी कोपऱ्यात स्क्रू वेचत होती. तिने मान वर केली नाही. खिडकीवर बसणं म्हणजे दिवसभर लोकांना मुखवट्याचं माप विचारणं, हे तिला ठाऊक होतं आणि मिस्त्रींनाही.

"बघतो," मिस्त्री म्हणाले.

शुक्रवारी सकाळी आठलाच ते खोलीत हजर. मनातून त्यांना निकाल माहीतच होता. फक्त पुरावा हवा होता, आणि पुराव्याशिवाय बोलणारा कारागीर त्यांच्या लेखी कारागीरच नव्हता. त्यांनी सात नंबर टेबलावर घेतली. बॅटरी काढली. मागच्या बारीक भोकातून पेचकस घालून आतली कळ दाबली, तशी दबलेली स्प्रिंग कट् करून मोकळी झाली. हे न करता जो गिअरबॉक्स उघडतो त्याच्या तोंडावर स्प्रिंग येते. मिस्त्रींच्या कपाळावर तरुणपणीची तशी एक खूण होती. ती कशी झाली हे विचारणाऱ्याला ते दर वेळी वेगळी गोष्ट सांगत.

आठ स्क्रू काढून झाकण उचललं. बॅटरी ठीक. तारा उलट्या नाहीत. डाख त्यांनी भिंग लावून पाहिला. चकचकीत, नेटका, कुठे गोळा नाही. याचा त्यांना थोडा राग आला आणि थोडा अभिमान वाटला. बोर्डाचा स्क्रू जास्त पिळला की बोर्डाला चीर जाते. चीर नव्हती. गिअर कुठे घासत नव्हता, चापही सोडल्यावर नीट मागे येत होता.

मग त्यांनी मोटरची तार मोकळी ठेवून बॅटरी जोडली. चाप ओढला की बोर्डावरचा बारीक लाल दिवा लागायला हवा. इथे चापाला हातही न लावता तो भक्कन लागलेला! मिस्त्री खुर्चीत मागे टेकले. "सापडलं," ते रिकाम्या खोलीला म्हणाले. एवढा आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

समोरच्या भिंतीवर पुतणीने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता. वाचायचं नाही असं ठरवूनही त्यांनी तो केव्हाच वाचला होता. त्यातली तिसरी ओळ होती : झाकण उघडं असताना टेबलाचा दिवा बंद ठेवा, डोळे दिपतात. मिस्त्रींनी डोक्यावरच्या दिव्याकडे पाहिलं आणि नाइलाजाने तो विझवला. लाल दिवाही विझला. त्यांचा आनंदही त्याच्याबरोबर गेला.

पण दोष होता. दर पाच-सहा चापांमागे एकदा लाल दिवा उगाच लुकलुके. मिस्त्रींनी बोर्ड सोडवून खिडकीशी नेला आणि भिंग लावलं. चापाकडे बघणाऱ्या डोळ्यावर धुरकट साय आली होती आणि तिच्यात प्लास्टिकची भुकटी अडकली होती. 'ग्रीस,' त्यांच्या मनात आलं. पोरीचा हात सढळ, दुसरं काय! त्यांनी ते बोटाने पुसून बोट नाकाशी नेलं.

निलगिरीचा वास आला.

हे तेल जगात एकच माणूस बनवत होता. शिवणयंत्राच्या तेलात निलगिरीचे चार थेंब, खोलीला कोंदट वास येऊ नये म्हणून. खेळ संपला की मिस्त्री रोज संध्याकाळी भिंतीपाशी जात आणि बंदुकांच्या चापाच्या फटीत एकेक थेंब सोडत. एकोणीस वर्षांची सवय होती. तांब्याच्या पट्ट्यांचं त्याने काही बिघडलं नव्हतं. कागदावरची पहिलीच ओळ 'तेल अजिबात नको' अशी होती. तीही त्यांनी वाचली होती, पण ती आपल्यासाठी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

एका बंदुकीवरून काही ठरत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि बिघाडाची वही काढली. दोन, तीन, पाच, सहा, सात, नऊ, अकरा. सगळ्या खालच्या ओळीतल्या. याचा अर्थ त्यांनी आधीच लावून ठेवला होता. पोरीने खालच्या ओळीपासून सुरुवात केली, तेव्हा हात बसलेला नव्हता, म्हणून त्या बिघडल्या. वरच्या बारांपैकी एकही बिघडली नव्हती, कारण तोवर तिचा हात बसला होता.

वही हातात घेऊन ते भिंतीपाशी गेले. उजवा हात वरच्या ओळीकडे नेऊ लागले. तो कानापर्यंत गेला आणि थांबला. दोन वर्षं झाली, तो कानाच्या वर जातच नव्हता. सदरा काढताना बायको बाही ओढायची, तेवढं तिला माहीत होतं. दुसऱ्या कुणाला नाही. वरच्या ओळीला दोन वर्षांत तेल मिळालेलं नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्री वही धरून तिथेच उभे राहिले. वहीत बिघाडांची यादी नव्हतीच. त्यांचा हात कुठवर पोचतो, ते त्यात लिहिलेलं होतं.

दहा वाजता पुतणी आली. मिस्त्री सातवा बोर्ड स्पिरिटने पुसत होते. पुसलेल्या सहा बंदुका पुन्हा झाकणं लावून टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या आणि त्या सहाही बिनतक्रार चालत होत्या. तिने एकीचा चाप ओढून पाहिला, मग दुसरीचा.

"सापडलं का काका?"

"हं," मिस्त्री म्हणाले. ते पुन्हा सातव्या बोर्डावर वाकले.

बाराला मालकीणबाई आल्या. खाली खेळाडूंचा गलका सुरू झाला होता.

"काय ठरलं?"

"स्विच चांगले आहेत," मिस्त्री म्हणाले. "राहू द्या. ही पण इथेच राहू दे."

"मग बिघडत का होते?"

"आत ओशट झालं होतं. पुसलं. आता त्रास नाही."

"ओशट कशाने?"

मिस्त्रींनी टेबलाकडे पाहिलं. "ग्रीस," ते म्हणाले. "थोडं जास्त पडलं असेल."

मालकीणबाई पुतणीकडे वळल्या. "माणसाच्या कानावर बेतलं होतं. जपून करत जा. पुन्हा झालं तर खिडकी आहेच."

"हो," पुतणी म्हणाली.

मालकीणबाई गेल्या. सगळं छान निभावलं, असं मिस्त्रींना वाटायला लागलं होतं. पोरीची जागा राहिली, आपली अब्रू राहिली. तिला जरासं ऐकून घ्यावं लागलं, पण तरुण आहे, विसरून जाईल.

"मला मंगळवारीच वास आला होता," पुतणी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "तीन नंबर उघडली तेव्हा."

मिस्त्रींच्या हातातला बोळा तसाच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

तिने खालच्या ओळीतल्या उरलेल्यांपैकी बारा नंबर पुढ्यात ओढली आणि स्क्रू काढायला लागली. रागावली असती तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि इतकी लाज शेवटची कधी वाटली होती ते आठवेना.

ते उठले आणि जिन्याच्या तोंडाशी गेले. मालकीणबाई शेवटच्या पायऱ्या उतरत होत्या. खाली मुखवटे चढवणारी पंधरा-वीस माणसं उभी होती, आणि त्यांत कान धरलेला तिकीटवालाही होता.

"मालकीणबाई! ग्रीस नव्हतं ते. तेल होतं. माझं. मी रोज घालत होतो."

दोन-तीन जणांनी वर पाहिलं आणि पुन्हा आपले पट्टे आवळायला लागले. मालकीणबाई कठड्याला हात लावून वळल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग आजपासून बंदुकांना तुम्ही हात लावू नका. तिचं ती बघेल."

जाताना दिवे मालवा म्हणून सांगावं, इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं. एकोणीस वर्षांत मिस्त्रींनी त्यांच्या कुठल्याही हुकमाला 'बघतो' याशिवाय दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले.

ते खोलीत परत आले. पुतणीने त्यांना ऐकलं होतं, पण तिने वर पाहिलं नाही. झाकणाच्या एका स्क्रूशी तिची झटापट चालली होती. तो कोणत्या बाजूने दाबून धरला की सुटतो ते मिस्त्रींना ठाऊक होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या शेजारी बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवून.