पुठ्ठ्यावरचे स्क्रू

सहदेव तावडेच्या गॅरेजमध्ये बारा वर्षांत ढकलत आणलेल्या गाड्या बऱ्याच आल्या. पण चालत आलेली गाडी त्याच्या हाताखालून गेल्यावर ढकलत परत यावी, असं पहिल्यांदाच घडलं.

गॅरेज अंधेरी पूर्वेला, मरोळ नाक्याच्या आतल्या गल्लीत. गाडी विद्याधर प्रधानांची. मस्कतची नोकरी संपवून ते परतले तेव्हा सोबत आणलेली जपानी गाडी. ब्रेकच्या कामासाठी ती बुधवारी आली. शुक्रवारी, दसऱ्याच्या सकाळी, प्रधान ती घेऊन गेले आणि चकाल्यापर्यंत जाते न जाते तोच ती बंद पडली. शनिवारी दिवसभर सहदेवने प्लग पाहिले, पेट्रोल पाहिलं, पंप पाहिला. फियाटमध्ये आणि अँबॅसडरमध्ये जे जे बिघडतं, ते सगळं इथे ठणठणीत होतं.

संध्याकाळी प्रधान आले. "सहदेव, उगाच जीव काढू नका. जुहूचा एक गॅरेजवाला म्हणतो, आतला तो कॉम्प्युटर फेकून देऊ आणि साधा कार्बोरेटर बसवू. उद्या पाच वाजता त्याची माणसं दोर घेऊन येतील."

"पाचपर्यंत गाडी माझी आहे ना, साहेब?" सहदेव म्हणाला. "माझ्या दारात चालत आली, माझ्या दारातून चालतच जाईल."

रविवारी सकाळी तो मोठ्या बहिणीला, नलिनीला, घेऊन आला. नलिनी सीप्झमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होती. भिंगाखाली वाकून बारीक सर्किटांवर सोल्डरिंग करायचं, हे तिचं नऊ वर्षांचं काम. गाडीशी तिचा संबंध सामान जास्त असलं तर टॅक्सीत बसण्यापुरता.

"इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, हे सगळं वायरींतून त्या डब्याला कळतं," सहदेवने तिला सांगितलं. "मग पेट्रोल किती सोडायचं ते तो ठरवतो. डबा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे आहे. त्याच्यापर्यंत पोचायची मात्र माझी हिंमत होत नाही."

"आधी बॅटरीची वायर सोड. जाग्या सर्किटला हात लावायचा नाही."

मग तिने ट्यूबच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर पेन्सिलीने डॅशबोर्डचं चित्र काढलं. कप्पा, त्यामागचा डबा, वायरी. "स्क्रू जिथून निघेल, तिथेच चित्रात टोचायचा."

"ताई, मी काय पहिलीतला आहे?"

"पहिलीतली मुलं निदान ऐकतात."

कप्प्याचे चार स्क्रू निघाले आणि पुठ्ठ्यात टोचले गेले. कप्पा बाहेर आला. आत वहीएवढा पत्र्याचा डबा दिसला. त्यापासून निघालेली एक काळी वायर गाडीच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडलेली होती. ती अर्थिंगची. तो स्क्रू पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात गेला. मोठा प्लग काढायला सहदेवने वायरींचा जुडगाच धरला.

"अरे, वायरीला धरून ओढतात का! बाजूला खिट्टी असेल बघ. ती दाब, म्हणजे आपणहून येईल."

खिट्टी दाबली आणि प्लग अलगद हातात आला.

डबा उघडण्याआधी नलिनीने मनगटाला बारीक तार गुंडाळली आणि तिचं दुसरं टोक गाडीच्या उघड्या पत्र्याला बांधलं. "आपल्या अंगात थोडी वीज साठलेली असते. आपल्याला कळतही नाही, पण या चिपा तेवढ्यानेसुद्धा मरतात." कारखान्यात यासाठी पट्टा मिळायचा. इथे तारेवर भागवायचं होतं.

झाकण निघालं. आतल्या हिरव्या पाटीच्या एका कोपऱ्यावर पांढरट चिकट थर होता. तिथली तांब्याची एक रेघ गंजून तुटली होती. आणि कडेला काहीतरी लाल चिकटलं होतं. नलिनीने ते चिमट्याने उचलून सोबत आणलेल्या भिंगाखाली धरलं.

"सहदेव, हा तांदूळ आहे. कुंकू लावलेला."

सहदेवने तो एका कागदात गुंडाळून ठेवला.

गुरुवारी खंडेनवमी होती. पाने, जॅक, हातोड्या मांडून त्याने पूजा केली होती. दरवर्षी नारळ तो जमिनीवर फोडायचा. यंदा दारात पहिल्यांदाच परदेशी गाडी उभी, म्हणून नारळाचं पाणी आणि अक्षता त्याने मोठ्या भक्तीने तिच्या बॉनेटवर ओतल्या होत्या. काचेखाली हवेसाठी फटी होत्या. तिथून पाणी आत गेलं, वायरींवरून ओघळत डब्यात उतरलं.

"म्हणजे माझ्याच हाताने," तो म्हणाला.

"फियाटला अख्खा नारळ पाजलास तरी ती ढेकर देऊन चालेल. हिच्या पोटात मेंदू आहे रे."

"पण मी तर चांगलंच..."

"गप रव. नाक्यावरच्या रेडिओवाल्याकडे जा. टेपरेकॉर्डरचं हेड पुसायचं स्पिरिट आण, आणि एक मऊ ब्रश."

तिने घासलं नाही. स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून ती तो थर सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरवत राहिली. तुटलेल्या रेघेवर केसाएवढी तार ठेवून दोन्ही टोकांना सोल्डर दिलं. मग डबा चाळीसच्या बल्बपासून हातभर लांब ठेवला.

"आता बसवू?"

"दोन तासांनी."

"दोन तास? ताई, पाच वाजता..."

"ओलं बसवलंस तर पाच वाजता दोरच आहे."

त्याने दोन तास काढले. काचेखालच्या फटी धुतल्या, वायरी पुसल्या. पावणेपाचला नलिनी कोपऱ्यावरच्या नळावर हात धुवायला गेली आणि तेवढ्यात प्रधान आले, सोबत दोर घेतलेली दोन माणसं. सहदेवने घाईघाईने डबा आत सरकवला, प्लग खट् आवाज येईपर्यंत दाबला, बॅटरी जोडली आणि चावी फिरवली. इंजिन फिरलं, पण पेटलं नाही. पुन्हा फिरवली. नाही.

"राहू द्या हो," प्रधान हळू आवाजात म्हणाले. माणसांनी दोर सोडायला घेतला.

"पाच वाजलेत का, साहेब?"

"दहा मिनिटं आहेत."

नलिनी हात पुसत आली. गाडीकडे तिने पाहिलंही नाही. "पुठ्ठा बघितलास?"

सहदेवने पाहिला. कप्पा अजून बसवायचा होता, म्हणून त्याचे चार स्क्रू असणार हे ठरलेलंच. पण कोपऱ्यात पाचवा होता. अर्थिंगचा. काळी वायर डब्यामागे नुसती लोंबत होती.

त्याने बॅटरी पुन्हा सोडली. दोरवाला हसला, "आता हे पुन्हा काढणार?" सहदेवने पत्र्यावरची जागा पॉलिशपेपरने घासून चकचकीत केली, वायर बसवली, स्क्रू पिळला, बॅटरी जोडली. मग चावी.

इंजिन एका झटक्यात लागलं. सहदेवने पाय ॲक्सिलरेटरवरून काढला तरी ते चालूच राहिलं.

"वा!" प्रधान वाकून आत बघायला लागले. "झालं होतं तरी काय?"

एखादी वायर सैल होती म्हटलं असतं, तर भागलं असतं. नलिनी पुठ्ठा हातात धरून उभी होती.

"खंडेनवमीला मी हिच्यावर नारळाचं पाणी ओतलं, साहेब. ते आत गेलं. चूक माझी." त्याने कागदात जपून ठेवलेला लाल तांदूळ त्यांच्यापुढे धरला.

प्रधानांनी तो पाहिला. मग त्यांचा चेहराच उतरला. "अहो, आमची आई! गाडी बरी होऊन आली की तिच्यावर ओतायला नारळ घेऊन बसली असेल. माझं ती ऐकायची नाही."

सहदेवने कप्पा बसवला, चारही स्क्रू पिळले आणि तो त्यांच्या शेजारी बसला. "चला. त्यांना मीच सांगतो. नारळ फोडायचाच, पण चाकापुढे, जमिनीवर."

गाडी दारातून चालत बाहेर पडली. नलिनीने पुठ्ठा वर करून पाहिला. सगळी भोकं रिकामी होती.