मागितलेल्या पाच चाचण्या

चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत मुळांची चूर्णं आणि अर्क तपासायला येतात. ग्राहक फॉर्मवर ज्या चाचण्यांवर खूण करतो, तेवढ्याच करायच्या. गुडघेदुखीच्या त्या चूर्णाला पाच खुणा होत्या: मुळाची ओळख, ओलावा, जंतू, शिसे, आर्सेनिक. ओळख पटवायला चूर्णाचा अर्क काचपट्टीवर चालवला, घटक वेगवेगळ्या पट्ट्यांत सुटे झाले, तेव्हा हव्या त्या मुळाचा पट्टा दिसला. त्याच्या वर आणखी एक पिवळसर पट्टा होता.

"हा कशाचा असेल, सर?" मी आमच्या निरंजन सरांना विचारलं.

"फॉर्मवर विचारलंय?"

"नाही."

"मग आपल्याला दिसला नाही. सही करा, बस चुकेल तुमची."

मी सही केली. बस मिळाली.

त्याला दोन वर्षं झाली. आई श्रावणात गेली. मूत्रपिंडं कशाने निकामी झाली, ते डॉक्टरांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही. दहाव्यानंतर स्वयंपाकघर आवरताना साबुदाण्याच्या डब्यामागे त्याच चूर्णाचा डबा सापडला, अर्धा संपलेला.

या वेळी ग्राहक मी होते. 'इतर चाचण्या' या रकान्यात लिहिलं: ॲरिस्टोलोकिक ॲसिड. काही वेलींच्या मुळांत ते असतं आणि मूत्रपिंडं नासवतं. अर्क काचपट्टीवर चालवला. तोच पिवळसर पट्टा, त्याच जागी, शेजारी चालवलेल्या शुद्ध ॲसिडच्या पट्ट्याच्या रेषेत.

रिपोर्ट घेऊन मी दिघीला शालनबाईंच्या दुकानात गेले. डब्यावर त्यांच्याच दुकानाची चिठ्ठी होती. तराजूमागे खिळ्याला माझा जुना रिपोर्ट टांगलेला होता, लॅमिनेशन केलेला.

"कंपनीवाल्यानं मालाबरूबर दिला हुता," शालनबाई म्हणाल्या. "तुमच्या आईनं सही वळखली. मग त्यांनीच पलास्टिक करून आनला. आल्या की गिऱ्हाइकाला दावायच्या, माझ्या पोरीनं तपासलंय म्हनून. लई कौतुक हुतं त्यांना."

मी नवा रिपोर्ट पुढे ठेवला. इंग्रजीतला. त्यांनी तळाशी बोट ठेवलं.

"सही तीच हाय की. बरं झालं, जुना पिवळा पडलाय." त्या खिळ्याकडे वळल्या.

"लावू नका. चूर्णात विष आहे, असं लिहिलंय त्यात."

"आन् जुन्यात?"

"त्यातही होतं. लिहिलं नव्हतं."

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"मंग तुमी सही कशी केली, ताई?"