तपासणीचं पाणी

गोळी विरघळताना परीक्षानळीतलं पाणी एकदम गुलाबी होत नाही. आधी तळाशी एक धूसर धागा दिसतो, तो वर चढतो, मग रंग पसरतो. रंग आला की पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, प्यायला हरकत नाही. टाकीपाशी तो गडद असतो. तंबूत नेऊन ठेवलेल्या कॅनमध्ये तो फिका होत जातो. कुणाचं कॅन मळकं, कुणाचं उघडं, त्यामुळे प्रत्येक तंबूत वेगळा.

अलीकडे मात्र निर्वासितांच्या छावणीतल्या शेवटच्या ओळीत सगळ्या नळ्या सारख्याच गडद येत होत्या. पाणी तपासत फिरणाऱ्या तिला आधी आनंद झाला होता. आज तो आनंदच तिला खटकला.

रसायनशास्त्राचं शिक्षण अर्धवट टाकून ती दादाबरोबर सीमा ओलांडून आली होती. दादा पुढे तिसऱ्या देशात गेला, कामाला लागला, तिच्यासाठी प्रवासाचा परवाना मिळवला. ती इथेच स्वयंसेवकांच्या पथकात रमली. पथकातली पोरं एकेक करून मार्गी लागली. खोलीत आता तिची एकटीचीच खाट अंथरलेली असे. दादा दर रविवारी विचारायचा, "तिकीट काढू का?" ती म्हणायची, "पुढच्या आठवड्यात सांगते. इथलं पाणी कोण बघणार?" परवान्याची मुदत आता संपत आली होती.

"आल्या डॉक्टरीणबाई," शेवटच्या तंबूतली मावशी म्हणाली. ती कुणा एकाची नव्हे, अख्ख्या ओळीची मावशी होती. तिने दाराशी ठेवलेलं कॅन पुढे सरकवलं. "घ्या, काय तपासायचं ते तपासा."

"यातलं नको, मावशी. तुम्ही पिता त्यातलं द्या."

"हेच की."

"हे आत्ता टाकीवरून आणलंय. आतलं द्या."

मावशीने नाइलाजाने आतलं भांडं आणलं. गोळी विरघळली. पाणी होतं तसंच बिनरंगी राहिलं.

"ओढ्याचं?"

"त्या टाकीच्या पाण्याला दवाखान्याचा वास मारतो गं. घशाखाली उतरत नाही."

"मग हे दाराशी ठेवलेलं?"

"ते तुझं." मावशीने पदराने उगाचच कॅनचं झाकण पुसलं. "रंग आला नाही की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. बघवेना कुणाला. मग ओळीत ठरलं, पोरीपुरतं आणून ठेवायचं. टाकी काय जवळ आहे? पण आणतो."

तिला हसायचं होतं, ते जमलं नाही. तिने टाकीचं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात पुन्हा पुन्हा ओतलं, थोडा वेळ उघडं ठेवलं आणि मावशीपुढे धरलं. मावशीने घोट घेतला.

"वास कमी झाला की. हे आधी का नाही बोललीस?"

ते पाणी पिववतं का, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. नळी भरायची, रंग बघायचा, दोन शब्द बोलायचे आणि पुढचा तंबू. त्या दोन शब्दांसाठी ती येते, हे ओळीला तिच्याआधी कळलं होतं.

"तुझं कोण आहे?" मावशीने विचारलं.

"दादा. लांब असतो."

"बोलावतो?"

"बोलावतो."

"मग आमच्या पाण्याचं निमित्त किती दिवस पुरवशील? हे खालीवर करायचं मी शिकवते सगळ्यांना. तोंड आहे ना मला."

परतताना तिने पथकप्रमुखाला सांगितलं, शेवटच्या ओळीच्या नोंदी खोट्या आहेत, सगळं पुन्हा तपासायला हवं. त्याने मान डोलावली. "उद्या नव्या दोघींना पाठवतो." एवढंच. तिच्यावाचून काही अडलं नाही.

खोलीत रिकाम्या खाटांवर गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ती आपल्या खाटेवर बसली. रविवार होता, दादाचा फोन आला. तो हवेबद्दल बोलला, कामाबद्दल बोलला, मग सवयीने विचारलं. तिची नजर गुंडाळलेल्या गाद्यांवरून फिरली.

"बरं, पुढच्या आठवड्यात सांग," तोच म्हणाला.

"नको, दादा," ती म्हणाली. "काढ तिकीट."