सुटे ठिपके

मी ज्या जनुकावर काम करते ते आमच्या घरातच मुक्कामाला आहे. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आजार त्यातून येतो. बाबांना तो आहे, म्हणजे मला आणि धाकट्या भावाला, चेतनला, असण्याची शक्यता निम्मी-निम्मी.

नागपुरातल्या प्रयोगशाळेत मी दिवसभर या जनुकाच्या प्रथिनाचं जाळं काढत बसते. एकेक प्रथिन म्हणजे ठिपका, कोण कोणाला चिकटतं त्याची रेघ. ज्यांना एकही रेघ नाही ते ठिपके शेवटी पुसायचे, अशी आमची रीत. चित्र देखणं दिसतं म्हणे.

तपासणी दोघांनी एकाच दिवशी करायची, निकालही सोबतच ऐकायचा, असं आमचं ठरलं होतं. रक्त दोघांनी दिलं. निकालाच्या दिवशी मात्र चेतनसाहेबांचा पत्ता नाही, फोनही बंद. तासभर बाकावर बसून मी रागाच्या भरात एकटीच आत गेले. डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला नाही.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तो जिना उतरेपर्यंत टिकला. खाली आल्यावर कळलं, ही बातमी सांगायला माझ्याकडे माणूसच नाही. बाबांना सांगितली तर ते लगेच चेतनचं विचारतील, आणि चेतनला कोणत्या तोंडाने सांगू? जरीपटका भागातल्या माझ्या खोलीवर येऊन कुकर लावला आणि न जेवता बसून राहिले. तीन आठवडे असेच गेले. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी एसटीने उमरेडला बाबांकडे गेले. बाबा चाळीस वर्षं हातमागावर बसले. आता त्यांचे हात आपोआप नाचतात, पण माग काही विकू देत नाहीत. मी चित्राचा कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना त्यातलं काय कळणार, पण दाखवायला दुसरं होतं कोण? त्यांनी हलतं बोट कसंबसं कडेच्या ठिपक्यांवर टेकवलं. हे कोणालाच जोडलेले नाहीत, उद्या पुसणार, असं मी सांगितलं.

“काहून पुसून राहिली वं?”

मग त्यांनी मागाकडे पाहिलं. कापड उतरवलं तरी जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं विणकर मागावर तशीच ठेवतो. नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकांनाच सांधायचा असतो. बाबांच्या मागावर ती टोकं सहा वर्षं लोंबत आहेत.

“सुटी टोकं ठेवा लागते,” ते थांबत थांबत म्हणाले. “नाही तं नवा धागा कशाले बांधशीन?”

परतताना स्टँडवरून चेतनला फोन लावला. रोज लावायचे, तसाच. आज नेमका त्याने उचलला. म्हणाला, परवा हातातून कप सुटला, तेव्हापासून झोप नाही.

“ताई, तुहा काय आला?”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

“मी गेलीच नाही,” मी म्हटलं. “तुह्याशिवाय कशी जाईन?”

तो हसला, कितीतरी महिन्यांनी. म्हणाला, मग येत्या सोमवारी दोघं जाऊ, या वेळी नक्की. मी हो म्हटलं.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. सोमवारच्या आधी डॉक्टरांना गाठायला हवं. चेतनचा निकाल आधी सांगा, अशी विनंती करायची आहे. आणि माझा नंतर, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखा.