लिंबू शेवटी

कोऱ्या चहात लिंबाचा रस पडला की चहाचा रंग उतरतो. चहा पातळ झाला म्हणून नव्हे. चार थेंबांनी पेलाभर चहा पातळ होत नसतो. चहाला तांबूस करणारं जे काही त्यात असतं ते आंबटाची गाठ पडली की आपला रंग सोडतं, आणि डोळ्यांदेखत गडद तपकिरीचा फिकट पिवळा होतो. व्हिस्कीचं तसं नाही. तिला रंग लाकडाच्या पिंपातून आलेला असतो, आणि कितीही लिंबू पिळलं तरी तो जागचा हलत नाही.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. रंग बदलणारी कुठलीही गोष्ट तिला शाळेपासून आवडायची. लग्न होऊन या घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं ओट्यापाशी नवऱ्याला आणि धाकट्या दिराला ही लिंबाची गंमत करून दाखवली होती. दीर टाळ्या पिटत म्हणाला होता, "वहिनी, नोकरी सोडा आणि जादूचे प्रयोग लावा. तिकिटं मी विकतो."

तीच गंमत आता तिच्या अंगाशी येणार होती.

बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात एक बाटली होती. नवऱ्याच्या जुन्या साहेबांनी निवृत्त होताना त्याला दिलेली, एकदाच उघडलेली आणि मग खास दिवसासाठी राखून ठेवलेली. त्या बाटलीत आता बहुतेक चहा होता.

सुरुवात डोकेदुखीपासून झाली असं ती स्वतःला सांगायची. कामावरून आल्यावर, घरात कोणी नसताना, औषधाच्या टोपणानं एक माप. मोजून घेतलं की ती दारू राहत नाही, औषधाची मात्रा होते, असं काहीसं तिनं मनाशी धरलं होतं. मग एकाची दोन मापं झाली, आणि पुढे ते टोपण कुठेतरी हरवलं तेव्हा तिनं शोधलं नाही. बाटलीतली पातळी खाली गेली तशी तिनं कोरा चहा करून वर भरला. चहा निवला की गढूळतो. कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण गढूळ पाणी ओळखण्यात तिचा जन्म गेलेला, तिला ते बघवेना. तिनं प्रयोगशाळेतून गाळणकागद आणले, चार-पाचच, पर्सच्या आतल्या कप्प्यातून. एवढ्या वर्षांत तिनं तिथली पेन्सिलसुद्धा घरी आणली नव्हती.

आता ती स्वतःच्या पैशांनी वेगळ्या बाटल्या आणायची, घरापासून लांबच्या दुकानातून, आणि रिकाम्या झाल्या की दुसऱ्याच गल्लीतल्या कचरापेटीत टाकायची. कपाटातली मात्र बदलता येत नव्हती. तशी बाटली आसपास कुठे मिळत नव्हती. तिनं शोधून पाहिली होती. नवऱ्याला सांगून टाकायचं, हे तर ती रोज सकाळी बसथांब्यावर ठरवायची. संध्याकाळपर्यंत ठरवलेलं विरून जायचं.

आणि परवा नवरा म्हणाला, "ताई येतेय शनिवारी. दुकान छोट्याच्या हवाली करणार म्हणते. आता तरी ती बाटली उघडायची की नाही?"

ताई म्हणजे तिची नणंद. आई लवकर गेल्यावर दोन्ही भावांना तिनंच वाढवलं. तिचं फोटो आणि चित्रं फ्रेम करून देण्याचं दुकान होतं. छोट्या म्हणजे तोच टाळ्या पिटणारा दीर, अजून त्यांच्याचकडे राहणारा. मधली काही वर्षं तो दारूत बुडाला होता. एका डॉक्टरबाईंच्या उपचारांनी त्यातून बाहेर आल्यावर ताईनं त्याला दुकानात काच कापायला बसवलं, आणि तेव्हापासून ताई रोज त्याच्या हातांकडे बघायची. काच कापताना हात हलतो का, एवढंच. चार वर्षांत हलला नव्हता. म्हणून आता दुकानाची किल्ली.

"उघडू की," ती म्हणाली. "पण नुसती देणार?"

"मग काय, पाणी घालून वाया घालवू?"

"उकाडा बघ किती आहे. चहाचं कॉकटेल करू. रात्रभर फ्रीजमध्ये गार पाण्यात मुरवलेला चहा, आल्याचा पाक, पुदिना, संत्र्याच्या चकत्या. आणि भाऊजींना त्यातलाच, नुसता चहा. पेले सारखेच दिसतील, त्यांना वेगळं पडल्यासारखं वाटणार नाही."

नवरा खूष झाला. "डोकं आहे हं तुला," म्हणाला. बोलायला तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं होतं की चहात चहा लपेल, आणि दिराच्या भल्याचं जे ती बोलली ते त्यावर नुसतं पुदिन्यासारखं खोचलेलं होतं. हे एवढं झटकन सुचलं, याचीच तिला लाज वाटली.

धोका लिंबाचा होता. जगमध्ये चहा आणि व्हिस्की एकत्र केली की मग लिंबू पिळलं तरी हरकत नव्हती. चहा फिका व्हायचाच. पण बाटलीतल्यावर आधी पडलं तर संपलं. टोपलीत दोन लिंबं होती. शनिवारी दुपारी कामावरून आल्यावर ती हलवायची, असं तिनं ठरवलं. आली, तर टोपलीत कांदे होते, आलं होतं, लिंबं नव्हती. तिनं टोपली उपडी करून पाहिली. मग वाटलं, संपली असतील, आपल्या पथ्यावरच पडलं.

संध्याकाळी नवरा मोबाइल हातात धरून स्वयंपाकघरात आला. "हे बघ, आपण चुकत होतो. आधी पेल्यात व्हिस्की, मग लिंबू, मग पाक, वर बर्फ, आणि चहा सगळ्यात शेवटी, चमच्यावरून हळूच. थर दिसतात, थर!"

"थर कशाला? पोटात गेल्यावर एकच होतं," ती म्हणाली. "मी जगमध्ये करते ना. आणि लिंबू नाहीये."

"नाही कसं? सकाळी मी बघितली. दोन होती."

तो फ्रीज उपसू लागला. तेवढ्यात दीर पाणी प्यायला आला. "लिंबाचं काय घेऊन बसलास, दादा? संत्रं आहे की."

"तू गप. तुला काय कळतं त्यातलं?"

"मला?" दीर हसला. "मला जरा जास्तच कळतं."

नवराही हसला. ती हसली नाही. दिराच्या पँटचा खिसा फुगला होता, आणि त्याचा आकार गोल होता. दोन गोल. तिची नजर तिथे अडकलेली त्यानं पाहिली, आणि मग तो नळाकडे वळून पेला विसळत राहिला, नको इतका वेळ. तिची कानशिलं तापली. त्याला ठाऊक होतं, तिचं पिणंही आणि बाटलीतला चहाही. किती दिवसांपासून, कोण जाणे. जिन्यात भेटल्यावर तिनं श्वास रोखून धरला होता तेव्हापासून असेल. बडीशेप तोंडात असलेल्या वहिनीचा वास त्याच्याइतका कोणाला ओळखू येणार?

दार वाजलं. ताई आली ती बोलतच आली. "जिना चढवून चढवून मारा मला. आणि हे धर, दारातल्या झाडाची आहेत. यंदा नुसती लगडलीत, शेजारीपाजारी दारं लावून घ्यायला लागले मला बघून." तिनं पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. पिशवीत लिंबं होती, पिवळीधमक, डझनभर तरी.

"ताई, तू देव आहेस," नवरा म्हणाला.

"ते आधीपासूनच. काय करताय? शास्त्रज्ञबाई, आज प्रयोग माझ्यावर?"

ताई वर्षातून एकदा घ्यायची आणि उरलेलं वर्ष त्याबद्दल बोलायची. टेबलाशी बसून तिनं पर्स मांडीवर घेतली. पर्समध्ये किल्ल्यांचा जुडगा वाजला, आणि दिरानं न ऐकल्यासारखं केलं.

"मी करते," ती म्हणाली. "तुम्ही बसा ना सगळे. मी आतून जग भरून आणते."

"छे! हे समोरच करायचं असतं." नवऱ्यानं ओळीनं पेले मांडले. कपाटातून बाटली आणली, दिव्यासमोर धरली. "रंग बघ, ताई. सोन्यासारखा."

तो खरोखरच स्वच्छ होता. तिनं दोनदा गाळला होता.

"दादा, चहा आधी घाल," दीर म्हणाला. "लिंबू शेवटी."

"तू तुझा जग घे रे."

नवऱ्यानं पहिल्या पेल्यात बाटलीतलं दोन बोटं ओतलं. लिंबू कापलं. पिळलं. बी पडली ती चमच्यानं काढायला तो वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

पेल्यातलं सोनं उतरत होतं. खालून वर, ढगासारखं, तपकिरीचं पिवळं आणि पिवळ्याचं गवताच्या काडीसारखं. तिला न बघताही दिसत होतं.

"हे काय?" ताई म्हणाली. "मुदत संपलीय का?"

नवऱ्यानं पेला नाकाशी धरला. मग घोट घेतला. "चहा आहे," तो म्हणाला. "ताई, हा चहा आहे. हिनंच दाखवलं होतं आम्हाला, लिंबू पडलं की..." तो थांबला. त्याला पुढचं सुचलं होतं आणि बोलवत नव्हतं.

कोणी कोणाचं नाव घेतलं नाही. पण नवऱ्याची मान हळूहळू दिराकडे वळली, आणि ताईची तर आधीच वळली होती. ताई त्याच्या हातांकडे बघत होती. हात टेबलावर होते, स्थिर.

तिला त्या क्षणी बरं वाटलं. पुढे ती हे कोणालाच सांगणार नव्हती, पण तिला बरं वाटलं. कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, आणि छातीवरचं काहीतरी सैल झालं. लाज त्यानंतर आली, आणि ती अशी आली की तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"छोट्या," ताई म्हणाली, "खिशात काय आहे तुझ्या?"

दिरानं खिशात हात घातला. मग त्यानं दोन लिंबं काढून टेबलावर ठेवली. त्यातलं एक घरंगळत पेल्यापर्यंत गेलं.

"अरे, मघापासून मी घर डोक्यावर घेतलंय!" नवरा म्हणाला. "लपवलीस? म्हणजे बाटलीत काय आहे ते तुला ठाऊक होतं?"

"हो. ठाऊक होतं."

"आणखी काही सांगायचंय तुला?" ताईनं विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं.

"नाही, ताई."

"चार वर्षं," ताई म्हणाली. "काच कापताना तुझा हात बघत होते. बघायचं भलतीकडेच होतं." तिनं पर्सची चेन लावली. सबंध खोलीत तेवढाच आवाज झाला. "राहू दे मग दुकानाचं. मी अजून काही थकले नाहीये."

दीर मान खाली घालून टेबलावरचं दुसरं लिंबू बोटानं फिरवत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. नजरेनं विनवलं असतं, रागावून बघितलं असतं, तरी तिला काहीतरी करता आलं असतं. तो नुसता तिला वेळ देत होता, आणि त्या वेळाची किंमत एकटा भरत होता.

चार वर्षांपूर्वी याच टेबलाशी तो असाच बसला होता, आणि त्याला ताईला सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. "असं झालं की, त्याचं काय आहे की," करत तो गोल गोल फिरत होता. तेव्हा तिनं, त्याच्या वहिनीनं, त्याला शांतपणे सांगितलं होतं, "भाऊजी, वाक्य लहान ठेवा. मोठ्या वाक्यात माणूस पळवाट शोधतो." तेव्हा तिला किती सोपं वाटलं होतं ते!

"ताई," ती म्हणाली. "चेन उघडा."

"तू मध्ये पडू नकोस. तूच त्याला पाठीशी घालतेस कायम."

"नाही. तसं नाही. म्हणजे गेले काही महिने, कामाचा ताण होता, आणि डोकं दुखायचं, तर मी कधीतरी..."

वाक्य लांबत चाललेलं तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली. नवरा तिच्याकडे बघत होता, हातात तो फिका पेला तसाच. बर्फाच्या भांड्यात बर्फ सरकला. दिरानं लिंबू फिरवणं थांबवलं आणि पहिल्यांदा वर पाहिलं.

"बाटली मी संपवली," ती म्हणाली. "चहा मी भरला. भाऊजींनी लिंबं माझ्यासाठी लपवली."

"काहीतरीच काय बोलतेस," नवरा म्हणाला.

"मी पिते. रोज पिते. मला थांबता येत नाही." तिनं खुर्चीची पाठ सोडली. "सोमवारी मी कामावर जाणार नाहीये. भाऊजी गेले होते त्या डॉक्टरबाईंकडे जाणार आहे."